पावणेचार फेरे

इद्वाल गेला आणि त्याच्या हेरल्डची किल्ली
माझ्या एप्रनच्या खिशात आली. कुणी विचारलं नाही,
मीही नाही म्हटलं नाही.
सहासष्ट सालची गाडी. स्टिअरिंग फिरवलं
की चाकं आधी जरा विचार करायची,
मग वळायची.

गॅरेजवाल्या हेद्विननं चष्मा कपाळावर चढवला:
लिनेड, रॅक गेलाय.
म्हटलं, भाऊही गेलाय. एकेक करून बघते.

आमचं गाव पाटीच्या दगडाचं.
डोंगर पोखरून दुनियेची छपरं शाकारली,
उरलेला चुरा आता प्रत्येक खिडकीत ढीग होऊन बसलाय.
त्यातल्याच दोन फरश्या मागच्या चाकांना लावल्या,
पुढचा भाग स्टँडवर घेतला, ढकलून पाहिला.
परत ढकलला.
इद्वाल तीनदा ढकलायचा.
तिसऱ्यांदा ढकलला.

या गाडीचं बॉनेट पुढं उलथतं,
अख्खं तोंडच उचलून बाजूला ठेवावं तसं,
आणि टायरवर बूड टेकून आत हात घालता येतो.
एवढी सोय माणसाला असती
तर इद्वालच्या डॉक्टरला
तीन महिने अंदाजानं बोलावं लागलं नसतं.

नट सुटला. सांधा सुटेना.
शिव्या द्याव्यात तर वेल्शमधूनच,
इंग्रजी शिवीला हा गंज दाद देत नाही.
शेवटी शेजारचा माक्सन आला, वय बारा,
त्याच्या हातात एक हातोडा, माझ्या हातात दुसरा,
दोन बाजूंनी एकाच क्षणी.
ठाण्.
तो एवढा हसला की मलाही हसावं लागलं,
एप्रिलनंतर पहिल्यांदा बहुतेक.

टोकं सोडवताना फेरे त्यानं मोजले:
डावीकडे अकरा, उजवीकडे साडेबारा.
खडूनं फरशीवर लिहून चहाला आत गेलो.
इथं पाऊस ही काही बातमी नसते.
बाहेर आलो तर
पाटी कोरी.

जुना रॅक वर्तमानपत्रावर आडवा ठेवला.
रबरी भाता फाटलेला, आतलं ग्रीस काकवीसारखं,
आणि त्यात रुतलेला एक पांढरा केस.
मोट कुत्रीचा? तिला पुरून तीस वर्षं झाली.
की त्याच्याच दाढीचा?
बोटाला चिकटला, मग एप्रनला पुसला गेला,
मग कळलं की पुसायला नको होता.

नवा रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेचार फेरे.
निम्मे किती? माक्सन फोन काढायला लागला.
पावणेदोन, म्हटलं, आणि वर अर्धा पाव.
मध्य सापडला. पट्ट्या आवळल्या, नवी रबरं बसवली.
चाकं सरळ करायला मागून पुढं सुतळी ताणली,
टायरला जेमतेम शिवेल अशी,
गुंडाळी माक्सनच्या दातांत,
आणि पुसलेले आकडे
मिलीमीटरनं परत शोधले. दोन तास लागले.

आता स्टिअरिंगचं चाक.
इद्वालचं चाक कायम डावीकडे कललेलं असायचं,
भिंतीवरच्या वाकड्या तसबिरीसारखं.
काढून एक खाच फिरवून बसवायचं, एवढंच काम होतं.
मी दर ख्रिसमसला सांगायची.
तो म्हणायचा, चाक बरोबर आहे, रस्ता कललाय.

मी सरळ बसवलं.
अगदी सरळ. पातळी लावून.

संध्याकाळी तलावाच्या रस्त्यानं नेली.
गाडी आता विचार करत नव्हती, सांगितलं की वळत होती.
तरी सरळ वाटेवर माझे हात
आपोआप डावीकडे कलले,
चाळीस वर्षं शेजारच्या सीटवरून पाहिलेलं तसे,
आणि दगडी कुंपण एकदम जवळ आलं.
माक्सन ओरडला. मेंढ्यांनी माना वर केल्या.

सकाळी मधलं झाकण उचकटलं,
नट काढला, चाक ओढून सोडवलं,
डावीकडे एक खाच.
नट पुन्हा पुरता आवळला, दोनदा तपासला.

वाकडं झालं की, माक्सन म्हणाला.
झालं, म्हटलं,
आणि अंगठ्यानं झाकण दाबलं.
टक्.